सौर पंपाच्या वायरी : रंग ओळखा, पण रंगावर विसंबू नका



मुरबाड, शहापूर, कल्याण तालुक्यांत आता विहिरीच्या काठावर सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. केंद्राची 'पीएम-कुसुम' योजना २०१९ साली सुरू झाली. राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ साली आली. इकडे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत इमारतींच्या गच्चीवरही प्लेटा चढल्या आहेत. शेतावर पंप बिघडला, की आपण ओळखीच्या वायरमनला बोलावतो. घरच्या फिटिंगवर त्याचा हात बसलेला असतो आणि रंग पाठ असतात. पण धोका इथेच आहे. तोच रंग सोलरमध्ये दुसरे काही सांगतो.

घरच्या विजेचे रंग

भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेला धरून आपल्याकडे चालत आलेली पद्धत अशी : थ्री फेजच्या तीन तारा लाल, पिवळी आणि निळी. न्यूट्रल काळी. अर्थिंगची तार हिरवी, किंवा हिरवीवर पिवळा पट्टा. म्हणून 'लाल म्हणजे करंट, काळी म्हणजे थंड' असे आपल्या मनात बसले आहे. बाहेरच्या बनावटीच्या यंत्रात मात्र तपकिरी तार फेजची आणि निळी न्यूट्रलची असते. आपली निळी तार तर फेजची! तेव्हा यंत्रासोबतचा जोडणीचा नकाशा पाहिल्याशिवाय निळ्या तारेला हात लावू नये.

सोलरची काळी तार थंड नसते

प्लेटांतून येणारी वीज डी.सी. असते. तिच्यात फेज-न्यूट्रल हा प्रकार नाही. एक तार धन, दुसरी ऋण. लाल धन आणि काळी ऋण, असा प्रघात आहे. दोन्ही तारा जिवंतच समजाव्यात. एका प्लेटेचा दाब उन्हात चाळीस-पन्नास व्होल्ट असतो. अशा दहा प्लेटा ओळीने जोडल्या, की दाब चारशे-पाचशे व्होल्टवर जातो. घरची वीज २३० व्होल्टची, हे लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट. उन्हात टिकावी म्हणून सोलरची केबल पुष्कळदा दोन्ही बाजूंना काळीच वापरतात. साधी लाल वायर लावली, तर ती उन्हात विटते आणि तडकते. म्हणून सोलरसाठी बनवलेलीच केबल घ्यावी. तिचे मानक आय.एस. १७२९३ हे आहे. दोन्ही टोकांना लाल आणि काळी पट्टी, किंवा अधिक-उणे अशी खूण करून घ्यावी. धन-ऋण उलटे जोडले, तर पंप चालत नाही, आणि कंट्रोलर जळूही शकतो.

टेस्टर लावून पाहू, असे कोणी म्हणेल. पण खिशातला दिव्याचा टेस्टर सोलरच्या तारेवर पेटेलच असे नाही. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नका. डी.सी. वर लावलेला चांगला मीटरच खरे सांगतो.

कंट्रोलरच्या पुढे रंग पुन्हा बदलतात

साधारणपणे कंट्रोलर डी.सी.ची थ्री फेज वीज करून मोटारीला देतो. तिथे लाल, पिवळी, निळी अशा तीन तारा लागतात. यातल्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर मोटार उलटी फिरते. मोटारीचा आवाज येतो, पण पाणी कमी पडते. नवीन जोडणीनंतर पाणी कमी वाटले, तर आधी हेच तपासून घ्यावे. मोटार डी.सी.ची असेल, तर रंग कंपनीच्या नकाशाप्रमाणेच पाहावेत.

हिरवी तार तोडू नये

हिरव्या तारेत एरवी करंट नसतो. बिघाड झाला, की आपल्याला लागणारा धक्का हीच तार जमिनीत नेते. म्हणून वायर कमी पडली तरी हिरवी तार फेजला किंवा धन-ऋणाला कधीच वापरू नये. प्लेटांचा सांगाडा, कंट्रोलर आणि मोटार, तिन्हीला अर्थिंग हवे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात, तेव्हा वीज अटकावाची तारही जागेवर आहे ना, ते पाहावे.

दुरुस्तीपूर्वी एवढे करा

१. आधी कंट्रोलर बंद करा, मग डी.सी.चा स्विच.
२. कंट्रोलरवर लिहिलेला वेळ थांबा. बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते.
३. पंप चालू असताना प्लेटांची जोडणी ओढून काढू नका. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी तुटते. डी.सी.ची ठिणगी तुटत नाही, ती आग लावते.
४. स्विच पाडला तरी प्लेटेपासून स्विचपर्यंतची तार ऊन असेतो जिवंतच असते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या प्लेटांनाही हेच लागू आहे.
५. कोणाला धक्का बसला, तर त्याला हात लावू नका. आधी स्विच पाडा. ते जमले नाही, तर कोरड्या लाकडाने तार दूर सारा. लगेच १०८ ला फोन करा.

या राज्य योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. त्या मुदतीत पेटी आपण उघडू नये. पुरवठादाराला कळवावे. मुदत संपल्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच काम करून घ्यावे आणि कोणती तार कुठे जाते, याचा कागद त्याच्याकडून लिहून घ्यावा. तो कागद कंट्रोलरच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये ठेवावा. पुढचा वायरमन कोणीही असो, त्याला अंदाज बांधावा लागणार नाही. काळी तार हाती घेण्याआधी ती कोणाची काळी, घरची की सोलरची, एवढे मात्र प्रत्येकाने विचारावे.