पिवळ्या चादरी शुभ्र कशा कराव्या?

सुरतेच्या डिंडोली भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. कापडाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरातही अंथरुणाची पांढरी चादर कालांतराने पिवळी पडतेच, आणि गृहिणी नवी घेण्याचा विचार करू लागते. तो खर्च पुष्कळदा टाळता येतो, असे आम्हांस वाटते.

हा पिवळेपणा धूळमातीचा नव्हे. अंगाचा घाम व तेलकटपणा सुती धाग्यांत मुरतो आणि हवेने पिवळा होतो. निळीने तो झाकतो, जात नाही. म्हणून प्रथम तेलाचा अंश काढावा. बादलीभर कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून चादर काठीने ढवळावी, दोन तास भिजू द्यावी व साबणाने धुवावी. पूर्वी याच कामी चुलीच्या राखेचे निवळलेले पाणी वापरीत. चादर स्वच्छ पाण्यातून काढल्यावर चार लिंबांचा रस घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवावी. जड पाण्यामुळे बसलेला साबणाचा थर त्याने सुटतो. शेवटी ओली चादर कडक उन्हात पसरावी. ऊन हा फुकटचा धोबी होय! पिवळेपणा जुना असल्यास हाच क्रम पुन्हा करावा.

एक गोष्ट मात्र भगिनींनी विसरू नये. ब्लीचिंग पावडरीत लिंबू वा शिरका कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. चादर थोडी पिवळी राहिली तरी चालेल. घरची माणसे सुखरूप राहिली पाहिजेत.