खुर्ची आणि तोडचिठ्ठी

नेतृत्वविचाराचा आढावा म्हटला की मॅक्स वेबरपासून सुरुवात करायची रीत आहे. त्याचे सत्तेचे तीन प्रकार, फ्रेंच आणि रेवन यांनी 1959 मध्ये मांडलेले सत्तेचे आधार, 1978 च्या बर्न्सच्या पुस्तकापासून बोकाळलेलं ‘परिवर्तनकारी’ नेतृत्व, हे सारं एमबीएची पोरं घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांच्यावर सोडू. मेरी पार्कर फॉलेटपाशी मात्र थांबायला हवं. वरिष्ठाच्या मर्जीपेक्षा प्रसंगाची गरज मोठी, ती दोघांनी मिळून ओळखावी आणि तिचाच हुकूम दोघांनी मानावा, असं ही बाई 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या उद्योजकांना ऐकवत होती.

आमच्याकडे याचा दाखला लोणीत सापडतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, 1950 च्या अखेरीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि चेअरमन होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. ती शोभेची खुर्ची होती, असं काही सहकारतज्ज्ञ अजून लिहितात. त्यांनी ऊसपट्ट्यात एखादा हंगाम काढावा. गाडगीळांचा तिथे ना ऊस, ना भाऊबंद. अशा माणसाच्या हाती खुर्ची देणं म्हणजे स्वतःच्या माणसांनाही नियमात बांधणं. विखे पाटलांचं मोठेपण मला त्यात दिसतं.

कारण कारखान्यातली सत्ता चेअरमनच्या केबिनमध्ये फार थोडी असते. ती तोडचिठ्ठीत, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवणाऱ्या चिठ्ठीत असते. लागणीच्या नोंदीप्रमाणे तोड द्यायची, हा नियम. पण निवडणुकीत विरोधी पॅनेलचा झेंडा धरलेल्याच्या फडात तोडणीची टोळी येतच नाही. शेतकी खात्यात विचारलं तर ‘पुढच्या आठवड्यात’. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं, खोडवा लांबतो. कुणी धमकी देत नाही, कागदावर काही उमटत नाही. पुढच्या निवडणुकीला तो माणूस गुमान घरी बसतो. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे सहकाराचं ब्रीद अशा वेळी फडातच वाळून जातं. पंचतारांकित हॉटेलांत नेतृत्वाची शिबिरं घेणाऱ्यांच्या स्लाइडवर हे कधी येत नाही.

मधल्या काळातल्या कायद्यांबद्दल काय लिहायचं? सहकारी संस्थांबद्दलची 97 वी घटनादुरुस्ती 2012 मध्ये लागू झाली. राज्यांतल्या संस्थांपुरता तिचा भाग सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द केला. फडात काही हललं नाही.

पूर्वी वार्षिक सभेत म्हातारे शेतकरी ताळेबंद मांडीवर घेऊन साखर उताऱ्यावरून चेअरमनला घाम फोडत. आता विषयपत्रिका वाचून होण्याआधीच मागून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं आणि लोक जेवणाच्या रांगेकडे वळतात.

हा अंक हाती पडेल तेव्हा गाळपाची तयारी चालू असेल. तुम्ही सभासद असाल तर एवढंच करा: लागणीच्या तारखांसह तोडणीची यादी गट ऑफिसच्या फलकावर लावा, असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.