चष्म्याचं लेझर ऑपरेशन: पैसे भरण्याआधी काय विचारायचं



आपल्या गटांकडून येणाऱ्या प्रश्नांत सध्या एक प्रश्न सारखा येतोय. मुलीला चष्मा आहे, यंदा तिचं लग्न बघायचंय, लेझरनं चष्मा जातो म्हणतात, तर गटातून कर्ज उचलून ते करून घ्यावं का? काही जणींनी हेच पोलीस भरतीला बसणाऱ्या मुलासाठी विचारलं. एका ताईंनी विचारलं की सासूबाईंना मोतीबिंदू आहे, तर लेझर मारून तो आणि चष्मा दोन्ही एकदम जातील का? आज आपण याच विषयावर बोलू.

सुरुवात सासूबाईंपासून करू, कारण घोळ तिथेच आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात 'लेझर' हा एकच शब्द चार वेगवेगळ्या कामांसाठी वापरतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून तिथे नवं भिंग बसवतात. ते ऑपरेशन वेगळं. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्या भिंगामागची झिल्ली धुरकट झाली, तर ती लेझरनं साफ करतात, दोन-चार मिनिटांचं काम असतं. साखरेच्या आजारात डोळ्याच्या आतला पडदा बिघडतो, त्यावर मारतात ते लेझर तिसरं. ते उरलेली नजर वाचवण्यासाठी असतं, चष्मा घालवण्यासाठी नाही. आणि चौथं आज आपल्याला समजून घ्यायचंय ते, चष्म्याचा नंबर घालवणारं. पहिली तीन गरजेची आहेत, डॉक्टरांनी सांगितली तर पुढे ढकलू नयेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यात मोफत होतं. चौथं मात्र हौसेचं किंवा सोयीचं आहे. ते न केल्यानं डोळा बिघडत नाही. हा फरक कळला की निम्मी घाई आपोआप कमी होते.

आता हे ऑपरेशन करतात कसं? डोळ्याच्या अगदी पुढे, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. बाहेरचा उजेड या पडद्यावर वाकतो आणि आत जातो. ज्यांना लांबचं दिसत नाही, म्हणजे ज्यांचा मायनस नंबर असतो, त्यांच्या डोळ्यात तो आतल्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो. लेझरनं कॉर्नियाचा मधला भाग किंचित घासून सपाट केला की उजेड बरोबर जागेवर पडतो. चष्म्याची काच जे करते, तेच कॉर्नियावर कोरून ठेवायचं. गेलेला भाग पुन्हा भरून येत नाही, म्हणून विचार आधी करायचा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव लॅसिक. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा आपण कसा अलगद उचलतो? तसाच कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून एका बाजूला जोडलेला ठेवतात, उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. टाका नाही, डोळ्यात इंजेक्शन नाही; थेंब टाकून डोळा बधिर करतात. लेझरचं काम काही सेकंदांचं, दोन्ही डोळे अर्ध्या तासाच्या आत उरकतात. मधे डोळ्यावर दाब येतो, क्षणभर अंधारून येतं, जळल्यासारखा वास येतो. आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना छान दिसतं.

दुसरी पद्धत पीआरके. यात पापुद्रा कापत नाहीत, वरची नाजूक साल काढून लेझर मारतात. तीन ते पाच दिवस डोळा चांगलाच दुखतो, नजर स्थिर व्हायला काही आठवडे जातात. तिसरी स्माइल. यात आतून एक बारीक चकती तयार करून छोट्या चिरेतून ओढून काढतात. नवी आणि महाग म्हणून तीच सगळ्यांना चांगली, असं नसतं. लॅसिकचा पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच चिकटत नाही. जोराचा मार बसला तर तो पुढे वर्षांनीही सरकू शकतो. कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्या, भरतीला जाणाऱ्या, किंवा रोज जनावरांच्या शिंगांशी गाठ असणाऱ्या माणसानं हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. अशांना पापुद्रा नसलेली पद्धत सुचवली जाते.

जाता जाता सांगतो, या लेझरच्या शोधात आपल्याकडच्या माणसाचा हात आहे. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक होते. १९८१ साली सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कुर्च्यावर त्यांनी हे लेझर मारून पाहिलं, तर आजूबाजूचं काही न जळता रेघ अगदी स्वच्छ कापली गेली. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर १९८३ मध्ये ते कॉर्नियावर वापरण्याची वाट निघाली.

आता हिशेब. गटाचं खातं सांभाळणाऱ्या बायकांना हा सोपा जाईल. कॉर्नियाची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. मायनस एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन घासावे लागतात. नंबर मायनस आठ असेल तर शंभर-सव्वाशे गेले. पापुद्र्याचे शंभर-एकशेवीस वेगळे. तळाशी निदान अडीचशे तरी शिल्लक राहायला हवेत, हा जुना संकेत. पुष्कळ डॉक्टर त्याहून जास्त ठेवतात. आता एखादीचा कॉर्निया मुळातच ४७० चा असेल, तर तिच्या खात्यात शिल्लकच उरत नाही. म्हणून एकाच घरातल्या दोन बहिणींत एकीचं होतं आणि दुसरीला डॉक्टर नाही म्हणतात. नाही म्हणणारा डॉक्टर वाईट नसतो. उलट जिथे तपासणीआधीच तारीख मिळते, 'आज पैसे भरले तर सूट' असं सांगतात, तिथून उठून यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जाडी पुरेशी असली तरी आकार बघावा लागतो. केरॅटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तो बहुधा वयात येताना सुरू होतो, आणि सुरुवातीला फक्त नंबर सारखा बदलतो, बाकी काही कळत नाही. अशा डोळ्यावर लेझर मारलं तर कॉर्निया आणखी कमजोर होतो, नजर कायमची बिघडू शकते. हा आजार ओळखायला कॉर्नियाचा नकाशा काढतात, टोपोग्राफी म्हणतात त्याला. ती झाल्याशिवाय होकार देऊ नका. ज्या मुलीचे डोळे सारखे खाजतात आणि ती ते चोळते, किंवा घरात कुणाला हा आजार आहे, तिच्या बाबतीत तर मुळीच नाही.

वय अठरा पूर्ण हवंच. पुष्कळ डॉक्टर वीस-एकवीसपर्यंत थांबायला सांगतात. नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. त्यासाठी चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या लागतात, तेव्हा त्या टाकू नका. दिवस गेलेले असताना आणि बाळ अंगावर पीत असताना हे करत नाहीत, कारण तेव्हा नंबर हलतो आणि डोळे कोरडे असतात. अंगावरचं दूध सुटल्यावरही काही महिने थांबायचं. साखर ताब्यात नसेल, संधिवातासारखे आजार असतील, डोळ्यात पूर्वी नागीण झाली असेल, डोळे मुळात कोरडे असतील, तर हे सगळं लपवू नका. मुरमांसाठी गोळ्या चालू असतील तर त्यांचं नावही सांगा, काहींनी डोळे फार कोरडे पडतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी त्या बंद ठेवाव्या लागतात: मऊ लेन्स निदान दोन आठवडे, कडक त्याहून जास्त. नाहीतर मापच चुकतं.

आणि चाळिशी? ती लेझरनं जात नाही. चाळीशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, म्हणून सुई ओवता येत नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत. लेझर कॉर्नियावर चालतं, त्या भिंगावर नाही. गंमत म्हणजे थोडा मायनस नंबर असलेल्या बाईला चष्मा काढून जवळचं छान दिसतं. शिवणकाम करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या ताईंनी लांबचा नंबर घालवला, तर त्यांना जवळचा चष्मा नव्यानं घ्यावा लागेल. त्यांचा यात तोटाच.

लग्नाच्या प्रश्नाकडे येऊ. मुलीला स्वतःला चष्मा नको असेल, ती कमावती असेल, तिनं सगळं समजून घेतलं असेल, तर तिनं खुशाल करावं. पण बघायला येणाऱ्यांनी नाक मुरडलं म्हणून तिच्या निरोगी डोळ्यावर शस्त्र चालवायचं, तेही तिला न विचारता, हे आम्हाला पटत नाही. ऑपरेशननंतर कोरडेपणा काही महिने राहतो, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांचं हे कमी होत जातं, थोड्यांचं टिकून राहतं. सोसायचं तिला आहे, म्हणून होकारही तिचाच हवा. सहीच्या कागदावर काय लिहिलंय ते तिला मराठीत समजावून मागा. भरतीच्या मुलांसाठी एवढंच: जाहिरातीतले वैद्यकीय नियम आधी वाचा. काही दलांत लेझर झालेल्या उमेदवाराला वयाच्या आणि मुदतीच्या अटी असतात. ऑपरेशन करून अपात्र ठरण्यात काय अर्थ?

पैशाचं म्हणाल तर खर्च पद्धतीप्रमाणे आणि शहराप्रमाणे बदलतो. एका डोळ्याचा की दोन्हींचा, तपासण्या आणि औषधं धरून का, पुढे थोडा नंबर उरला तर दुसऱ्यांदा करायचे वेगळे घेणार का, हे लिहून मागा. आरोग्य विम्यात साधारणपणे साडेसातपेक्षा कमी नंबरचा हा खर्च मिळत नाही. त्यात जायचं-यायचं भाडं, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी शहरात मुक्काम धरा. हा मुक्काम चुकवू नका. डोळा जास्त दुखला, लाल झाला, नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी दाखवावं लागतं.

वेळही बघून निवडा. काही आठवडे डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, काजळ घालायचं नाही, विहिरीत-नदीत पोहायचं नाही. म्हणजे मळणी, उफणणी, मिरची कांडप, चुलीचा धूर यांपासून लांब राहायचं. गावची जत्रा जवळ असेल तर गुलालाचं काय करणार? डोक्यावरून न्हाणं किती दिवसांनी, चुलीपुढे कधी बसायचं, हे डॉक्टरांना याच शब्दांत विचारा. 'धूळ टाळा' एवढ्यावर समाधान मानू नका. आपली धूळ कसली असते ते त्यांना सांगा. आणि घरच्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी बाई पुन्हा चुलीपुढे बसलेली असते.

शेवटची गोष्ट कागदांची. मायनस नंबर मोठा असेल तर आतला पडदा ताणलेला असतो, आणि लेझरनंतरही तो तसाच राहतो. म्हणून ऑपरेशनआधी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा आणि चष्मा गेल्यावरही अधूनमधून तपासत राहायचा. अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके उडायला लागले तर थांबायचं नाही. आणि लेझरच्या आधीचा नंबर, कॉर्नियाची मापं, सगळ्या तपासण्यांची फाइल जपून ठेवायची. पुढे म्हातारपणी मोतीबिंदू झाला की नव्या भिंगाचं माप काढायला डॉक्टर हीच मापं मागतात. जमिनीच्या कागदांबरोबर त्याच ट्रंकेत ठेवा.