तवा तुमचा, गादी तुमची. चोपडी मात्र रिसीव्हरची!

माहीत आहे का? दिवाळखोरीचा अर्ज केलेल्या रत्नागिरीकराचा तवा, कढई आणि भाताचा टोप कुठलाही धनको उचलून नेऊ शकत नाही! अंथरूण-पांघरूण आणि गरजेचे कपडेही सेफ. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये ही अख्खी यादी आहे आणि ती भलतीच इंटरेस्टिंग आहे.

मंगळसूत्र? तेही सेफ! धर्मरूढीनुसार बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्तीत येत नाहीत. बायकोचं स्त्रीधन तर मुळात तुमचं नाहीच, तिचंच. तुमच्या स्वतःच्या लॉकरमधली सोन्याची बिस्किटं मात्र अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत लिहा!

आणि हे माहीत आहे का? मुंबईकराला एक कायदा, रत्नागिरीकराला दुसरा! मुंबई शहराला १९०९ चा, तर रत्नागिरीला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात. २०१६ चा नवा कोरा कायदा आला खरा, पण त्यातला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकी सगळे अजून शंभरी पार केलेल्या कायद्यावरच.

या म्हाताऱ्या कायद्यात अर्ज करायला कर्ज किती लागतं? फक्त ५०० रुपये! सिझनच्या सुरुवातीला एवढ्यात डझनभर हापूस मिळाला तर कळवा. अर्थात फेडण्याची ऐपत नाही, हे कोर्टाला पटवावं लागतं.

नादारीचा हुकूम झाला की बाकीची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात. दुकान, एफडी, बागेतला हिस्सा, सगळं. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची रांग लागलेली असेल, तर रिसीव्हर तुमच्या हिश्श्यापुरताच येतो. काकांच्या कलमांना हात नाही. पण मुक्ततेचा, म्हणजे नादारीतून सुटकेचा, हुकूम होण्याआधी आत्याने मृत्युपत्रात तुम्हाला काही ठेवलं, तर तेही रिसीव्हरकडे!

शेतकरीदादा, इकडे बघा. स्वतः शेती करून पोट भरणाऱ्याचं राहतं घर, नांगर, गरजेचे बैल, बी-बियाणं यांना जप्तीतून सूट. सुताराचा रंधा आणि पटाशीसुद्धा सुताराकडेच. बँकेला गहाण दिलेलं घर मात्र वेगळा मामला: तारण घेतलेला धनको रांगेच्या बाहेरून थेट वसुलीला येऊ शकतो.

पगारदारांसाठी झटपट गणित! पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीबाहेर. म्हणजे ३१,००० पगारातले २१,००० तुमचे. पीएफला तर डबल कुलूप आहे. पीएफच्या कायद्यातच नादारीच्या रिसीव्हरला मनाई आहे. आयुर्विम्याचे पैसेही सुरक्षित.

आता रॉयल नगेट! ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आला, १९१० मध्ये त्याचा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. इंग्रजांच्या तनख्यात भागेना, म्हणून कर्जं झाली, रत्नं-माणकं विकावी लागली. कलम ६० ची यादी वाचताना माझे डोळे एका शब्दावर थांबले: ‘राजकीय पेन्शन’! तेही जप्तीतून मुक्त. म्हणजे राजाची माणकं विकली जातात, पण राजाचा तनखा जप्त होत नाही. आहे ना कमाल?

आता थोडं सिरियस, कारण इथेच बरेचजण आपटतात. ‘अर्ज करण्याआधी बाग मेव्हण्याच्या नावावर करून टाकू’ हा सल्ला ओटीवर बसून हमखास मिळतो. करू नका! अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत केलेलं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं. आधीच्या तीन महिन्यांत लाडक्या मित्राचं तेवढं कर्ज फेडलंत, तरी तो व्यवहार उलटू शकतो. वर माहिती लपवली म्हणून शिक्षेचा धोका. जे आहे ते लिहून द्या. कोर्ट तुमच्याच मालमत्तेतून तुमच्या कुटुंबाला पोटापुरता भत्ताही देऊ शकतं, हे किती जणांना माहीत असतं?

हिशेबाच्या वह्यांचं एक वेगळंच! साध्या जप्तीत त्या तुमच्याच राहतात, नादारीत मात्र रिसीव्हरकडे. कोणाकडून किती येणं आहे, ते त्यातच असतं ना!

जरा फॉरेन टूर? अमेरिकेत टेक्सासच्या कायद्यात सूट मिळालेल्या यादीत १२ गुरं आणि १२० कोंबड्या-बदकं आहेत. चक्क आकड्यानिशी! आणि चित्रकार रेम्ब्रांट १६५६ मध्ये नादार झाला, तेव्हा त्याच्या घरातल्या वस्तूंची यादीच साडेतीनशेच्या पुढे गेली.

एक आकडा मात्र मला अस्वस्थ करतो. नादार मालकाकडच्या नोकराला थकलेल्या पगारापैकी अग्रहक्काने किती मिळतात? २० रुपये. १९२० मध्ये ते ठीक असतील. आज बागेत राबणाऱ्या गड्याचा एका वेळचा चहा-नाश्ताही त्यात होत नाही. हे बदलायलाच हवं.

मुक्तता मिळाली की सगळी कर्जं पुसली? छे! सरकारी देणी, फसवून घेतलेलं कर्ज आणि पोटगीचा हुकूम कायम. आणि मुक्तता होईपर्यंत आमदारकी-खासदारकीही नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९१ आणि १०२ मध्ये तशी स्पष्ट मनाई आहे.

शेवटचा झटका! मुक्तता न झालेल्या नादाराने ती गोष्ट न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नाक्यावर दोन वडापाव, चहा आणि ‘लिहून ठेव रे’ म्हणताना आधी बिल बघा!