'पिशवीला सूज' म्हणजे नेमके काय?

सोनोग्राफीच्या अहवालात 'बल्की युटेरस' असे दोन शब्द असतात. घरी येईपर्यंत त्यांचे 'पिशवीला सूज' होते आणि मग जाऊबाई, नणंदबाई, शेजारच्या काकू सगळ्यांचा सल्ला एकच: मुले झालीत ना, काढून टाका!

परंतु 'सूज' हे रोगाचे नाव नव्हे. पिशवी मोठी दिसते ती कधी बाळंतपणांमुळे, कधी फायब्रॉइडच्या गाठींमुळे, तर पुष्कळदा अ‍ॅडिनोमायोसिसमुळे. हे शेवटचे नाव रुग्णाच्या कानावर क्वचितच घातले जाते.

गर्भाशयाला आतून मऊ अस्तर असते. ते दरमहा वाढते आणि पाळीत गळून पडते. त्याच्याबाहेर स्नायूंची जाड भिंत असते. घराच्या भिंतीत ओल मुरावी तसे हे अस्तर स्नायूंच्या भिंतीत शिरते, त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. भोवतीचे स्नायू जाड होतात आणि पिशवी फुगते. पाळीत असह्य कळा येतात, अंगावरून फार जाते, रक्त कमी होऊन जिना चढताना धाप लागते. काहींना दिवस राहण्यात अडचण येते. उलट सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना काहीच त्रास नसतो. हा कर्करोग नव्हे, हे ठळकपणे सांगितले पाहिजे.

या विकाराचे वर्णन रोकिटान्स्की या शास्त्रज्ञाने १८६० साली केले. पण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे निदान व्हायचे ते पिशवी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. आता योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये तो पिशवी जागेवर असताना दिसतो. सोनोग्राफीत काय पाहावे याचे निकष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१५ साली ठरवले आणि २०२२ मध्ये सुधारले.

त्यामुळे वर्गवारीला अर्थ आला. जगभर मान्य अशी एकच पद्धत अजून नाही, तरी विचारण्याचे प्रश्न ठरलेले आहेत. विकार पुढच्या भिंतीत आहे की मागच्या? सर्वत्र पसरलेला आहे की एकाच ठिकाणी? आतल्या थरापुरता आहे की बाहेरपर्यंत पोचला आहे? भिंतीचा किती भाग व्यापला आहे? एका प्रचलित पद्धतीत पाव भागाहून कमी असेल तर सौम्य, अर्ध्यापर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. फायब्रॉइडची गाठ शेंगेतून दाणा काढावा तशी सोडवता येते. येथे मात्र कडा स्पष्ट नसतात, म्हणून 'तेवढेच काढा' हे सहसा जमत नाही. मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी हा फरक फार मोठा आहे.

त्रास नसेल तर उपचारही नको. कळा आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधनही पुष्कळ जणींना उपयोगी पडते. ते नेहमीच्या तांबीसारखे दिसते, पण तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, याने कमी होतो. सोबत लोहाच्या गोळ्या घ्याव्यातच. हे सारे करूनही त्रास हटला नाही आणि मूल नको असेल, तर पिशवी काढणे हा योग्य उपाय आहे, त्यात वावगे काही नाही. मात्र बीजांडकोष चांगले असतील तर ते ठेवता येतात का, हे आधी विचारावे. तरुण वयात तेही गेले की हाडे लवकर ठिसूळ होतात.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. यात चाळिशीच्या आतल्या कितीतरी होत्या. रोजगार बुडतो, दंड बसतो म्हणून पाळीच नको, असे त्यांना वाटले, तर तो दोष त्यांचा कसा म्हणावा?

तेव्हा अहवाल हाती आला की 'सूज कशामुळे?' एवढे डॉक्टरांना विचारा. संकोच वाटत असेल तर घरचे माणूस सोबत न्या; शंका असेल तर जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्या. पाळी कायमची गेल्यावर हा त्रास बहुधा शमतो. त्यानंतर मात्र एकदा जरी रक्त दिसले, तरी 'तीच जुनी सूज असेल' म्हणून थांबू नका. त्या आठवड्यातच तपासणी करून घ्या.