‘डॉक्टरांची गाडी’ आणि जुन्या मोटारीची पारख

जुन्या मोटारींच्या बाजारात ‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड’ हे शब्द खणखणीत नाण्यासारखे चालतात. दलाल ते उच्चारताना आवाज किंचित खाली आणतो आणि समोरच्या गिऱ्हाइकाची मान आपोआप हलते. डॉक्टर म्हणजे सावकाश चालवणारा, वेळेवर सर्व्हिसिंग करणारा आणि खर्चाला मागेपुढे न पाहणारा मनुष्य, असा त्यामागचा समज. आपल्या व्यवसायाविषयी समाजात एवढा विश्वास अजून शिल्लक आहे हे पाहून बरे वाटते. मात्र यंत्र या विश्वासाला जुमानत नाही.

आपली मोटार प्रत्यक्षात कशी चालते ते पाहावे. टिळकवाडीतील घरापासून दवाखाना तीन किलोमीटर, तेथून रुग्णालय दोन किलोमीटर, दुपारी जेवायला घरी, सायंकाळी पुन्हा तोच फेरा. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापतच नाही. पेट्रोलच्या ज्वलनातून पाण्याची वाफ निर्माण होते. इंजिन तापलेले असेल तर ती निघून जाते, नसेल तर तिचे पाणी होऊन काही ऑइलमध्ये मिसळते व काही सायलेन्सरमध्ये साठते. मग ऑइल घालण्याच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पिवळट थर दिसतो आणि सायलेन्सर आतून गंजू लागतो. बॅटरीलाही स्टार्टरसाठी दिलेली वीज परत मिळवण्याइतका अवधी मिळत नाही. दहा वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर झालेली ‘डॉक्टरांची गाडी’ बाहेरून नवरीसारखी दिसते. आतून मात्र ती व्यायाम नसलेल्या, घराबाहेर न पडणाऱ्या प्रकृतीची असते. याउलट औषध कंपनीच्या एखाद्या प्रतिनिधीने महामार्गावर ऐंशी हजार किलोमीटर चालवलेली आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद असलेली मोटार पुष्कळदा अधिक निरोगी निघते. मोटार किती चालली यापेक्षा ती कशी चालली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याच भाषेत सांगायचे तर तपासणीपूर्वी इतिवृत्त हवे.

हा विषय या स्मरणिकेत काढण्याचे कारण असे की, आपले अनेक तरुण व्यवसायबंधू व भगिनी पदव्युत्तर शिक्षण संपवून नुकत्याच येथे स्थिरावत आहेत. दवाखान्याची अनामत रक्कम, उपकरणांचे कर्ज आणि घरभाडे यांच्या जोडीला नव्या मोटारीचा हप्ता नको, म्हणून ते जुनी मोटार शोधतात. हा विचार सर्वस्वी योग्य आहे. नव्या मोटारीच्या किमतीतील सर्वांत मोठी घट पहिल्या तीन-चार वर्षांत होते. ती पहिल्या मालकाने सोसलेली असते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या मोटारी स्वस्त झाल्या. विकणारा स्वतः काय किंमत मोजली होती ते सांगत राहतो. आपण तेच मॉडेल आज नवे केवढ्याला मिळते ते शोरूममध्ये विचारावे आणि भाव तेथून खाली मोजत यावे.

डिझेलविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याचा दिवस पाच-सात किलोमीटरच्या परिघात जातो त्याने डिझेल मोटार घेऊ नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडवणारी गाळणी आली. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी मोटार काही काळ सलग वेगाने धावावी लागते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या मोटारीत ही गाळणी तुंबते, आणि तिची दुरुस्ती स्वस्तातील खरेदीचा सारा आनंद हिरावून घेते. आठवड्यातून तीनदा चोर्ला घाट उतरून गोव्यात शस्त्रक्रियेला जाणाऱ्या सर्जन मंडळींची गोष्ट निराळी.

आता वयाचा प्रश्न. येथे मी बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडा अधिक वेळ घेतो. चार लाख रुपये हाती असतील तर त्यात एखादी २०१३-१४ ची ऐसपैस, रुबाबदार मोटार येते आणि तेवढ्याच पैशांत २०१९ नंतरची साधी लहान मोटारही येते. नातेवाईक पहिलीकडे बोट दाखवतात. माझे बोट दुसरीकडे आहे, आणि त्याचे कारण तारखांत आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग, पट्टा न बांधल्यास वाजणारी सूचना व वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा झाला. त्याच वर्षी एप्रिलपासून ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही. शेजारच्या आसनासाठी एअरबॅग ३१ डिसेंबर २०२१ पासून सर्व मोटारींत अनिवार्य झाली. त्यापूर्वीच्या मोटारींत या गोष्टी महागड्या प्रकारांत असत, स्वस्त प्रकारांत नसत. नाव तेच, बाहेरून रूपही तेच. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय मोटारींच्या पहिल्या धडक-चाचण्या जाहीर केल्या. त्यात फोक्सवॅगन पोलोच्या एअरबॅग नसलेल्या प्रकाराला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या प्रकाराला चार. म्हणून मोटारीचे नाव ऐकून थांबू नये. कोणता प्रकार, कोणत्या महिन्यात तयार झालेला, हे आरसी बुकात पाहावे. टोयोटा इटिऑसला २०१६ मध्ये, तर टाटा टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले होते. बेताच्या खर्चात बसणाऱ्या मोटारींत अशी नावे आहेत.

माझ्या ओपीडीतून बाहेर पडणारे कुटुंब मी खिडकीतून अनेकदा पाहतो. लस टोचून घेतलेले बाळ आईच्या मांडीवर, आई पुढच्या आसनावर, आणि आईचा पट्टा बाळाच्या पोटावरून ओढलेला. ज्या आजारांची लस दिली त्यांपासून बाळ सुरक्षित झाले. समोरच्या चौकापासून मात्र नाही. धडकेच्या क्षणी आईचे सारे वजन त्या पट्ट्यामार्फत बाळावर येते, आणि पट्टा नसेल तर बाळ हातातून निसटते. कोणाही मातेचे बाहू तो वेग रोखू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने अथवा बाल-आसनाने सुरक्षित न केल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाची भीती कोणाला वाटते असे नाही; पण मोटार पाहायला जाताना मागचे आसन उचकटून पाहावे. पाठ आणि बैठक यांच्या फटीत आयसोफिक्सचे लोखंडी आकडे आहेत का? मागच्या दोन्ही बाजूंना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत ना, आणि ते ओढल्यावर पूर्ण बाहेर येऊन परत जातात ना? आणखी एक: पाठ पुढे करून बसवायचे तान्ह्या बाळाचे आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या जागी कदापि ठेवू नये. उघडणारी एअरबॅग त्याच आसनावर आदळते.

अपघातातून दुरुस्त झालेल्या मोटारीत एअरबॅग परत बसवलेली नसण्याचाही संभव असतो, कारण ती महाग असते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा तांबडा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळी लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि ते अधिक वाईट.

आपल्या बेळगावचे एक वैशिष्ट्य असे की, येथे तीन राज्यांच्या मोटारी विक्रीला येतात. गोव्याची मोटार येथील भावापेक्षा स्वस्त दिसते, कोल्हापूरचीही कधीकधी. या स्वस्ताईतील मोठा वाटा कराचा आहे. कर्नाटकाचा आजीवन कर देशातील चढ्या दरांपैकी आहे, आणि परराज्यातील मोटार येथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घेणे कायद्याने आवश्यक आहे. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतो आणि मोटारीच्या वयानुसार येथील कर भरावा लागतो. पूर्वीच्या राज्यातून उरलेल्या मुदतीचा कर परत मागता येतो खरा. त्यासाठी लागणारा धीर प्रत्येकाजवळ असतोच असे नाही. तेव्हा किमतीची तुलना करताना हा कर आधी मिळवावा आणि मग कोणती मोटार स्वस्त ते ठरवावे. माझा कल केए २२ क्रमांकाच्या मोटारीकडेच राहील.

दुसरी गोष्ट पाण्याची. किनाऱ्यावर राहिलेल्या मोटारीचा पत्रा खारट हवेने खालून खाल्लेला असतो; वरचा रंग चकचकीत असल्याने ते कळत नाही. मोटार गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून तळ पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि आपल्या जिल्ह्याच्या अनेक भागांत, व पुन्हा जुलै २०२१ मध्ये, महापुराचे पाणी शिरले. पुरात बुडालेल्या मोटारी नंतर धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढावा. टोकाकडच्या भागावर चिखलाची रेघ अथवा बुरशीचा वास सापडतो, कारण तेथवर कोणी धूत नाही. आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज आणि दिव्यांच्या काचेआडचे धुके हीदेखील तीच कथा सांगतात. अत्तराचा घमघमाट येणाऱ्या मोटारीविषयी सावध असावे.

प्रत्यक्ष तपासणी मात्र आपली नव्हे, फिटरची. आपण पोटदुखीवर पुस्तक वाचून आलेल्या पालकांना जे सांगतो तेच येथे आपल्याला लागू आहे. विकणाऱ्याशी संबंध नसलेला, आपल्या ओळखीचा फिटर त्याची मजुरी देऊन न्यावा. लांब स्क्रूड्रायव्हरचे एक टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून तो ऐकू लागला की मला त्याच्याविषयी बंधुभाव वाटतो. आजकाल त्याच्याकडे स्कॅनरही असतो. दोन्ही करू द्यावे. मोटार सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी आणि आपण येण्यापूर्वी सुरू करू नये असे आधीच कळवावे. पोहोचल्यावर बोनेट कोमट लागले तर विचारणा करावी. सुरू करताच निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी.

मीटर मागे फिरवणे आता संगणकाने होते, पण मोटारीच्या अंगावरील खुणा सहसा राहून जातात. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या मोटारीच्या क्लच पेडलचे रबर गुळगुळीत नसावे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. टायर मोटारीहून पुष्कळ तरुण असतील तर ते का बदलावे लागले हे विचारावे. सर्वांत उत्तम साक्ष अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदीची. प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर तेथे लिहिलेले असतात. विम्याचा कागदही बोलका असतो. नो क्लेम बोनस ५० टक्के असेल तर मालकाने सलग पाच वर्षे दावा केलेला नाही. अर्थात हा बोनस मालकाचा असतो, मोटारीचा नव्हे. जुन्या मोटारीवरून तो या मोटारीवर आणलेला असू शकतो. तो आपल्याकडेही येत नाही.

ठरवलेल्या रकमेतील दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवावेत. ऑइल, कूलंट, ब्रेकचे द्रव, पट्टे, बॅटरी आणि कदाचित चारही टायर पहिल्या दोन महिन्यांत बदलावे लागतील, असे समजूनच चालावे. एप्रिल २०२३ पूर्वीची पेट्रोल मोटार असेल तर वीस टक्के इथेनॉलच्या इंधनासाठी ती बनवलेली आहे का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे व इंधनाच्या रबरी नळ्या फिटरकडून तपासून घ्याव्यात. रात्री दोन वाजता लेबर रूममधून फोन येतो, तेव्हा मोटारीने पहिल्या किल्लीला सुरू होणे एवढीच आपली मागणी असते.

कागदपत्रांबाबत आपण डॉक्टर मंडळी फार बेफिकीर. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या, कर्ज असल्यास फॉर्म ३५ व बँकेचे पत्र मिळाले, थकलेली ई-चलने भरली गेली, हे पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. अन्यथा स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई मिळताना अडचण येते. जुनी मोटार विकणाऱ्यानेही तितकेच जागरूक राहावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोटार कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. दलालाकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या करून निश्चिंत झोपणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत विक्रेत्याला मोटार सोपवल्याची नोंद आरटीओच्या पोर्टलवर करता येते. ती करून पावती जपून ठेवावी.

आणि फास्टॅग. पूर्वीच्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून त्याला तो बंद करायला सांगावे व आपला नवा घ्यावा. नाहीतर कोल्हापूरला जाताना हत्तरगी नाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून जातात आणि त्याचा फोन नेमका आपली ओपीडी भरलेली असताना येतो.