‘कायमचा बरा’ वाचलं की सावध!
मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात भारतात १९५४च्या कायद्यानेच गुन्हा ठरते. तरी व्हॉट्सॲपवर तसले फॉरवर्ड येतातच, ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’ म्हणून. डॉक्टरांचं नाव तेवढं नसतं. नेटवर वाचताना आधी पान खालपर्यंत सरकवा: लिहिलंय कोणी, तपासलंय कधी, पैसा कोणाचा? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘मेडलाइनप्लस’वर जाहिराती नाहीत आणि इंग्रजीही सोपं आहे. मात्र तिथे आपले ब्रँड सहसा सापडत नाहीत. स्ट्रिपवर छापलेलं औषधाचं मूळ नाव टाका. ‘ग्लायकोमेट’ नव्हे, ‘मेटफॉर्मिन’. आणि काहीही वाचलंत तरी चालू गोळी परस्पर बंद करू नका.